हिरव्या पाण्याचं विरजण

नगरपालिकेची सांडपाण्याची दोन तळी माझ्या ताब्यात आली ती ऐंशीच्या आसपास. शहरभरच्या नाल्यांचं पाणी पहिल्या तळ्यात यायचं, उन्हात पडून राहायचं, मग दुसऱ्यात जायचं आणि तिथून वैनगंगेत. यंत्र म्हणाल तर एक लोखंडी फाटक, तेही गंजलेलं. पण त्याची किल्ली माझ्याकडे होती आणि मी स्वतःला धरणावरच्या साहेबापेक्षा कमी समजत नव्हतो.

बाबांना मात्र या नोकरीची लाज वाटे. लाखांदूरकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना पाळीपाळीने सोडायचं काम त्यांचं. त्यांच्या शब्दाला मान होता. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं की ते "हापिसात आहे" म्हणून विषय संपवत. तीन वर्षांत एकदाही तळ्यावर फिरकले नाहीत. मला ते फार लागायचं.

त्यांना दाखवून देण्याच्या नादात मी नको तो शहाणपणा केला. आमच्याकडे उन्हाळ्यात बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, उपसून साफ करायची रीत. इथं पहिल्या तळ्याचं पाणी गर्द हिरवं झालेलं, नगरपालिकेतले माझे साहेब रजेवर. मी ते सगळं पाणी पुढे सोडून दिलं, तळ खरवडला आणि नाल्याचं नवं पाणी भरून घेतलं. पाचव्या दिवशी तळं काळं पडलं. अशी घाण सुटली की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

साहेबांनी परत आल्यावर कपाळावर हात मारला. "अरे, ते हिरवंच तर पाणी साफ करत होतं! पंधरा दिवसांत वास गेला नाही तर तुझ्या जागी दुसरा माणूस."

नेमके तेव्हाच बाबा डोळे दाखवायला एस्टीने आले. वास घरापर्यंत येत होता, लपवणार काय? बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते पहिल्यांदाच माझ्यासोबत तळ्यावर आले.

"दही लावाले काय लागते?"

"विरजण."

"मंग? त्या दुसऱ्या बोडीत हिरवं पाणी आहे ना, थेच आणून टाक यात. अन् नालीचं पाणी एकदम कायले घेतं? पाळी लाव. थोडं आज, थोडं उद्या."

मी बादल्या आणल्या. बाबांनी धोतर खोचलं.

"बाबा, तुम्ही नका. घाण आहे."

"मले दिसून राहिली."

नऊ दिवस आम्ही बापलेक हिरवं पाणी वाहत होतो. फाटक किती उघडायचं ते बाबा बोटांनी मापत. दहाव्या दिवशी काठाला हिरवी झाक आली, मग वास ओसरला. साहेबांनी बाटलीत पाणी घेऊन उन्हात धरलं. "जमलं," एवढंच म्हणाले.

बाबांची पिशवी घेऊन मी त्यांना एस्टीवर पोचवायला गेलो. गाडीत त्यांना आमच्या गावचा एक जण भेटला. इतके दिवस कुठं होते म्हणून त्यानं विचारलं. बाबा अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, "पोराकडं होतो. पुरं शहर पाणी घाण करते अन् माहा पोरगा थे साफ करून वैनगंगेले देते. मीबी हात लावला त्याले!"

खिडकीखाली मी उभा होतो. कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघून गेली, आणि बाबांची पिशवी माझ्याच हातात राहिली.