बिबट्या गावात आणल्याबद्दल

सरपंचपद बाईसाठी सुटलं तेव्हा मी ब्लाउज शिवत होते. आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. पूल ओलांडला की दौंड. ऊस, दूध, आणि घरटी एकजण कंपनीत. माझे मालकही कंपनीतच, शिफ्टला जातात. आमच्या भावकीच्या पॅनेलला अशी बाई हवी होती, जिचं गावात कुणाशी भांडण नाही. मी ब्लाउज वेळेवर देते म्हणून माझं नाव निघालं.

सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता. म्हणजे सदस्याला एक मत आणि सरपंचाला वेगळं. गावानं दोन्ही मतं विचार करूनच दिली असणार, कारण सरपंच मी झाले आणि अकरापैकी नऊ सदस्य समोरच्या पॅनेलचे आले. त्यांचे पुढारी उपसरपंच झाले. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, मीही म्हणते. वयानं सासऱ्यांच्या जागी, आणि बोलायला फार गोड.

"सरपंचबाई, तुम्ही निस्ती सही करा," पहिल्याच बैठकीत ते म्हणाले. "बाकी आम्ही हाय की."

सही सोडून बाकी सगळं माझ्याकडेच आलं. विजेचा डीपी जळाला की फोन मला. एसटी थांबली नाही की मला. एकीची सून माहेराहून परत येईना, तर सासू सकाळी दारात उभी. "तुम्ही सरपंच ना? मग आणा तिला." मी विचारलं, सुनेला आणायचा अधिकार सरपंचाला कुठून आला? त्यावर ती म्हणाली, "मग कशाला निवडून दिलं?" शेवटी सुनेला मीच आणलं.

मग उंच खांबावरचा हायमास्ट दिवा मंजूर झाला. एकच. आप्पांचं म्हणणं, तो चौकात लागावा. तिथं पुतळा आहे, तालीम आहे, आणि योगायोगानं आप्पांचा बंगलाही आहे. आमच्या मळ्याच्या वस्तीला जाणाऱ्या फाट्यावर मात्र दोन्ही अंगांनी ऊस. अंधार पडला की बायका दुधाच्या किटल्या घेऊन तिथून येतात, आणि तिथंच दोनदा बिबट्या आडवा गेला होता. मी महिलांची ग्रामसभा बोलावली. एरवी कोरम भरत नाही म्हणून तहकूब होणारी ती सभा त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मावेना. ठराव झाला आणि दिवा फाट्यावर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं आणि ते झालं. त्या संध्याकाळी मी उगीचच दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आले.

फाट्यावर उजेड पडला, तसा बिबट्या अंधार शोधत निघाला. तो त्याला चौकात सापडला. आठवडाभरातच आप्पांच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात तो दिसला: कंपाउंडवर चढला, शांतपणे उतरला आणि आप्पांचा कुत्रा उचलून घेऊन गेला. तो व्हिडिओ सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. वन खात्यानं पिंजरा लावला, पण गावाला बिबट्यापेक्षा कारण महत्त्वाचं होतं. ते आप्पांनी चहाच्या टपरीवर सांगितलं.

"बिबट्या कवा गावात आला व्हता का? बाईनं आणला."

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. ती दोन वर्षं नुकतीच सरली होती. तहसीलदारांकडे अर्ज गेला. त्यात 'मनमानी कारभार' आणि 'सदस्यांना विश्वासात न घेणे' असं लिहिलं होतं. बिबट्याचं नाव नव्हतं.

ठराव व्हायला त्यांना नऊच्या नऊ हात लागणार होते. एक जरी फुटला तरी ठराव पडला असता. म्हणून आप्पांनी आपल्या सगळ्या सदस्यांना कोकणात सहलीला नेलं. सदस्यांत पाच बायका, त्यामुळे त्यांचे नवरेही बरोबर. त्यांतली एक आमच्याच वस्तीवरची. मी तिला वहिनी म्हणते. तिचे ब्लाउज मीच शिवते, आणि फाट्यावरच्या दिव्यासाठी सगळ्यात मोठ्यानं तीच बोलली होती. मला वाटलं, ही जाणार नाही. गाडी वस्तीवर आली तेव्हा मी अंगणात होते. वहिनी नवी साडी नेसून खिडकीशी बसली होती. मला बघून तिनं हात हलवला, मीही हलवला.

सहलीहून सगळे थेट तहसीलदारांच्या सभेला उतरले. पुरुषांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, बायका उन्हानं रापलेल्या. ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच सदस्यांची शंभर टक्के हजेरी लागली. हात वर करा म्हटल्यावर आठ हात झटक्यात वर गेले. वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दाराबाहेर उभा होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली, आणि नववा हात वर गेला.

मी घरी आले आणि मशीनवर बसले. शिवणकामच चांगलं होतं, असं वाटलं. शिवण उसवली तर कारण तरी दिसतं.

पण मला लोकांनी निवडलं होतं, त्यामुळे काढायचं तरी लोकांनीच. विशेष ग्रामसभा लागली, गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन खाने: वरचा 'ठरावाच्या बाजूने', खालचा 'ठरावाच्या विरोधात'. इथं माझी खरी पंचाईत झाली. मला ठेवायचं असेल तर विरोधात शिक्का मारायचा. मी घरोघर फिरले आणि हात जोडून सांगू लागले, "विरोधात मारा."

"कुणाच्या, तुमच्या?" एका म्हाताऱ्या मामांनी विचारलं.

"न्हाई मामा, ठरावाच्या."

"ठराव कुणाचा?"

"माझ्यावरचा."

"तुमच्यावर आमचा राग न्हाई, ताई. आम्ही विरोधात कशाला मारू?"

मी तिथंच ओसरीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आप्पांची गतही तीच होती. ते बिचारे मला काढण्यासाठी "बाजूनं मारा, बाजूनं मारा" म्हणत फिरत होते, आणि लोक त्यांना विचारत होते, "आप्पा, मिटलं व्हय मग तुमचं?"

शाळेच्या मैदानात दिवसभर रांग होती. कंपनीतली पोरं शिफ्ट बदलून आली. निकाल लागला तेव्हा ठराव थोडक्यात पडला होता. वस्तीवरच्या बायकांनी मला गुलालानं माखलं. मी हसत होते, पण मनात एकच हिशेब चालला होता: यातली प्रेमाची मतं किती, आणि चुकून पडलेली किती? आप्पा पुढं आले, शाल घातली आणि म्हणाले, "आमचं मत लोकांना समजलंच न्हाई." मला त्यांचं ते वाक्य अगदी खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. पदराखाली काजूची पिशवी. मी चहा ठेवला.

"ताई, रागावलात?"

"न्हाई."

"म्या समुद्र कवाच बघितला नव्हता वो. ह्यांनी तर जल्मात नेलं नसतं." तिचे डोळे भरून आले. "आप्पांचं खाल्लं, आन् मग हात कसा खाली ठिवायचा? पर तुमच्यावर ठराव आला म्हणून बघाया मिळाला. किती पाणी, ताई! सरतच न्हाई."

मी कप पुढं केला. तिनं डोळे पुसले, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पर काल शाळेत म्या कुणाचं ऐकलं न्हाई. ह्यांचंबी न्हाई. तुमच्याच बाजूनं मारला शिक्का. वरच्या खान्यात, चांगला दाबून."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

"लई उपकार झाले, वहिनी," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

माझी अजून पावणेतीन वर्षं उरली आहेत. आप्पा आता फाट्यावरच्या दिव्याचं वर्णन 'आपण बसवलेला' असं करतात. बिबट्या पलीकडच्या गावात दिसल्याचं कळतं. तिथल्या सरपंचांचा मला एकदा फोनही येऊन गेला. मासिक बैठकीला वहिनी माझ्या शेजारची खुर्ची धरते, पदरातले शेंगदाणे मला देते, आणि मतदानाची वेळ आली की माझ्या विरोधात हात वर करते. मग हात खाली घेऊन पुन्हा शेंगदाणे सोलायला लागते.