फिरणारी काडी

शिरोलीच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालवणारा मी एकटाच, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. हजेरीचा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. त्याला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ पडदा नुसता काळा. आमचे हेडक्लार्क दोनदा 'बंद पडलं' म्हणत बटण दाबून मोकळे झाले. मग मी चिडून पडद्याच्या कोपऱ्यात एक काडी बसवली. उभी, तिरकी, आडवी, परत तिरकी, अशी ती फिरत राहायची. काडी फिरते आहे तोवर कुणी हात लावायचा नाही, असा सगळ्यांना दम भरला.

त्या वर्षी टेंपररी कामगारांपैकी ज्यांचे दिवस भरलेत त्यांना कायम करायचं ठरलं. यादी पाचच्या आत मालकांच्या टेबलावर हवी होती, कारण सह्या करून ते लगेच परगावी निघणार होते. मोल्डिंगमधल्या चाचांची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. आधी फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासायच्या खात्यात, मग मोल्डिंगला, असे ते वर्षभर एकही खाडा न करता राबले होते.

दुपारी दोनला मी प्रोग्रॅम लावला. तीन वाजले तरी काडी फिरतच होती. हेडक्लार्कनी विचारलं, मस्टर काढून हातानं मोजायला घेऊ का. मी त्यांना उडवून लावलं. तेवढ्यात पाळी सुटली आणि चाचा दाराबाहेर चपला काढून आत आले, स्टुलावर बसले. त्यांना भट्टीची सवय. ब्लोअरचा आवाज येतोय म्हणजे आत लोखंड वितळतंय, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

"फिरतंय न्हवं त्ये?" त्यांनी विचारलं.

"फिरतंय."

"मग हुतंय की काम."

चार वाजले. बंद करावं तर दोन तासांचं काम पाण्यात, आणि न करावं तर हे कधी संपणार ते मलाच कळत नव्हतं. मी हात बांधून काडीकडे बघत बसलो. चाचाही बघत होते. साडेचारला हेडक्लार्कनी मला न विचारता मस्टर उघडलं आणि टोकन नंबराप्रमाणे मोजायला सुरुवात केली. चाचांचा नंबर शेवटून तिसरा. चाचांचं आधी मोजा, एवढं साधं म्हणायचं मला सुचलं नाही. त्याचा राग अजून जात नाही. मालकांचा शिपाई यादी न्यायला आला तेव्हा चाचांच्या आधीची पाच नावं राहिली होती. होती तेवढी यादी गेली. थोड्या वेळानं गाडी गेटबाहेर पडल्याचा आवाज आला.

चाचा उठले, चपला घातल्या. मी बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की साहेब, अजून चाललंय त्ये."

दुसऱ्या दिवशी चूक सापडली. कामगारानं मध्येच खातं बदललं असेल तर त्याचे दिवस मोजून पुढच्या नावावर जा, हे सांगायचंच मी विसरलो होतो. मशीन त्याच नावापाशी पुनःपुन्हा मोजत बसायचं. त्या वर्षी खातं बदललेला माणूस एकच होता. म्हणजे आम्ही दोघं बघत होतो तो सगळा वेळ काडी चाचांच्याच नावावर फिरत होती. हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.