मुंजाजीनं सांधलेली कड

सुपातली अर्धी ज्वारी निवडायची राहिली आणि मी दारातच बसून राहिले. समोर मुंजाजी गवंडी रस्त्याच्या कडेवरचं ओलं गोणपाट उचलत होता.

पाथरीतल्या आमच्या गल्लीत रस्त्याला सिमेंटची वीतभर उंच कड आहे. शेजारच्या गौराबाई आजींना दिसत नाही. त्या कडेला काठी घासत त्या रोज एकट्या महादेवाला जायच्या. उसाची ट्रॉली चढून दोन हात कड फुटली, आणि तिथंच काठीचा आधार सुटून आजी भर रस्त्यात शिरल्या. मोटारसायकलवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. तेव्हापासून मुलगा शिवकांत त्यांना बाहेर पडू देईना. "घरातूनच हात जोड," म्हणायचा. आजी हात जोडायच्या, पण ताटातली भाकरी तशीच राहायची.

नवी कड टाकणं गल्लीला परवडणारं नव्हतं. मुंजाजी म्हणाला, "कुणाचं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट द्या. बाकी हितंच पडलंय."

मग त्यानं छन्नीनं उरलेली कडही फोडायला घेतली. किराणावाले बन्सीधर दुकानातून ओरडले, "अरे, सांधायलास का मोडायलास?"

"शेठ, ढिल्यावर माल धरत न्हाई. टणक लागंस्तोर खोदावंच लागतंय. सबूर करा."

धूळ घासून काढली, जागा भिजवली, सिमेंटचा घोळ फासला, फुटलेलेच तुकडे सिमेंट-वाळूच्या मालात बसवले. सात दिवस कामावर जाता-येता त्यावर पाणी मारून गेला. पिंडीवर पाणी घालताना माझं मन दहा ठिकाणी फिरतं. ह्याचं हलत नव्हतं.

आज गोणपाट निघालं, तर मला जोडच दिसेना. मुंजाजीचं समाधान नव्हतं. त्यानं आजींची काठी मागितली, डोळे मिटले आणि काठी घासत चालला. एका जागी थांबला.

"हितं अडायलीय."

मी बोट फिरवलं, काहीच लागलं नाही. त्यानं विटेच्या तुकड्यानं घासलं, पुन्हा डोळे मिटून चालला. असं तीनदा.

मग आजी निघाल्या. शिवकांत मागून चालला, हात पुढं धरून. पण धरावं लागलं नाही.

परतल्यावर मी विचारलं, "आजी, जोड कुठं लागला?"

"जोड कशाचा? मला तर देवळाची पायरीच लागली, माय."

मी नकळत मुंजाजीला हात जोडले. तो घाईनं थापी धुवायला लागला. "वहिनी, हात कशाला जोडायलात? चहा बी नको. बायको सोनपेठहून आलीय, स्टँडवर थांबलीय. तिला आणायला जायचंय."