मोटर चालू असेपर्यंत

हिंमत गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात हवेत होते. सुरतच्या कापड बाजारात एका शेठना मी ट्रकमधून पळालेल्या म्हशीची गोष्ट सांगत होतो आणि म्हैस नेमकी लग्नाच्या मांडवात शिरत होती. फोन हिंमतच्या धाकट्या भावाचा, सुभाषचा. ‘दादा गया भो... झोपमाच.’ मी फोन खिशात ठेवला. शेठ हसू दाबत म्हणाले, ‘पछी? पछी सूं थयुं?’ पुढं म्हशीचं काय झालं ते मला काही केल्या आठवेना.

हिंमत सुरतजवळ कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात वायरमन होता. आम्ही दोघंही धुळ्याकडचे, सुरतेला बरोबरच आलो आणि लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर भाज्या करपवल्या. गावाकडची शेती सुभाष बघायचा. त्यांच्या जुन्या पेरणी यंत्राला हिंमतने मोटर बसवली होती. ती फिरली की खाली बी पडायचं. किती पडतं ते पेरणीआधी तपासावं लागे, म्हणून दर दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं गावी जायचो. मोटर अर्धा मिनिट चालवायची, पातेल्यात पडलेलं बी तोलायचं आणि त्यावरून मोटरचा वेग ठरवायचा. बटण त्याच्याकडे, त्याचं घड्याळ माझ्याकडे. मी ‘बंद!’ म्हणून ओरडायचं. अवघ्या शेतीत माझं एवढंच काम, आणि तेही मी गोष्ट सांगता सांगता करायचो.

एका दिवाळीला मी असा काही रंगलो की ‘बंद’ म्हणायचंच राहिलं. पातेल्यात बी जास्त दिसलं, म्हणून हिंमतने वेग कमी केला, आणि मका इतका विरळ उगवला की दोन रोपांच्या मधे खाट टाकून झोपावं. सुभाष बांधावर उभा राहून नुसता बघत राहिला. हिंमत मात्र माझ्याकडे वळला. ‘मना घड्याळले तोंड नही, नि तुना तोंडले घड्याळ नही!’

सुरतेला परतल्यावर त्याने टायमर बांधायला घेतला. मोटर चालू-बंद करायला भंगारातून आणलेला रिले, वेळ लावायचं गोल बटण आणि हे सगळं बसवायला बायकोचा पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा. मोटर सुरू केली की वेळ भरल्यावर ती आपोआप बंद व्हायची आणि भोंगा वाजायचा. चाळीच्या गॅलरीत पहिली चाचणी झाली तेव्हा तो भोंगा असा कोकलला, की समोरच्या कारखान्यातले कारागीर जेवणाची सुट्टी झाली समजून डबे घेऊन बाहेर आले! खालच्या मजल्यावरून शांताबेन ओरडल्या, ‘हिंमतभाई, आ सूं मांड्युं छे?’ ‘खेती, बेन!’ हा शांतपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी भोंगा गेला आणि तिथं एक छोटा लाल दिवा आला.

डब्याचं काम मात्र चोख. कितीदाही चालवा, वेळ तेवढाच. मी टाळ्या वाजवल्या... आणि टाळ्या वाजवता वाजवता लक्षात आलं, की माझी नोकरी गेली.

‘म्हणजे दिवाळीला मी येऊ नको?’

‘कोन म्हने?’

‘मग मी तिथं करू काय?’

‘काटा धरजो.’

‘काटा जमिनीवर असतो, हिंमत!’

तो डब्याचं बटण फिरवत बसला. अर्ध्या मिनिटावरून ते त्याने तीन मिनिटांवर नेलं. ‘जास्ती येळ चालाडं ते हिशोब पक्का येस,’ तो म्हणाला. ‘मोटर चालू शे तवलोंग तू बोल.’

मग दर दिवाळीला तेच. मोटर सुरू झाली की मी सुरू. आणि हा पठ्ठ्या मधे मधे विचारणार... शर्ट कोणता होता, पाव्हणा कोणाचा, खोटं तर नाही ना सांगत? त्याच्या शंका फेडता फेडता मोटर थांबायची आणि गोष्टीचा शेवट बी तोलताना उरकावा लागायचा.

या दिवाळीला सुभाषने बोलावलं. दादाचा डबा तुम्हालाच चालवता येतो, म्हणाला. पेरणी तोंडावर होती. मी गेलो, पातेलं ठेवलं, मोटर सुरू केली. गप्प उभं राहवेना, म्हणून त्याला हिंमतचीच गोष्ट सांगितली. सुरतेशेजारच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात पहिल्याच दिवशी याने सगळे दिवे घालवले आणि काळोखात शेजारी उभ्या असलेल्याला ‘बघत काय बसलास, टॉर्च धर!’ म्हणून दटावलं. तो मालक होता. मी मालकाचा आवाज काढला, हातवारे केले, काही बाकी ठेवलं नाही. सुभाष भला माणूस. मधे एक शब्द बोलला नाही, योग्य जागी हसला, आणि गोष्ट संपली.

मोटर चालूच होती.

माझ्या गोष्टी इतक्या लहान असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

‘अजून शे का?’ सुभाषने डब्याकडे पाहत विचारलं. ‘येळ कमी करी टाकूत?’

‘नको,’ मी म्हणालो. आणि मका पडताना बघत आम्ही दोघं उभे राहिलो.