बायना केशोरीला गेली

हसा, खुशाल हसा, फक्त मी सांगून होईपर्यंत चहाचा घोट तोंडात धरू नका. असा वेंधळेपणा माझ्या हातून झालाय की सकूबाईसमोर तो विषय निघाला, तर मी अजून उठून गोठ्यात जातो!

मालगुजारी होती तेव्हाची गोष्ट. माझा बा अंथरुणाला खिळलेला, आज जातो की उद्या अशी गत. एके दिवशी सकाळपासून त्याचा एकच धोशा, "सकूले बलाव रे." सकूबाई म्हणजे माझी थोरली बहीण. केशोरीला दिलेली, आमच्या गावाहून कोसभर.

आणि नेमकी त्याच दिवशी गावतलावाची पाळ पाझरू लागली! ती फुटली असती तर सगळ्यांचा धान गेला असता. बाप्ये, बाया, झाडून सगळे टोपल्या घेऊन तिकडे. बाजवळ मी एकटा. आता केशोरीला धाडू कोणाला? घरात उरली बायना.

बायना माझ्या भावाची पोर. स्वभावाने गोड, पण सांगितलेलं डोक्यात टिकायचं नाही. मीठ आणायला पाठवली की कोणाच्या तरी अंगणात बसायची, पाणी प्यायची, गप्पा मारायची आणि रिकाम्या हातांनी हसत परत! भाऊ तिला बदडायचा. मला तिची फार कीव यायची. मारून कुठे लक्षात राहतं का हो?

म्हटलं, हिला मी शिकवतो. विसरते कशाने? थांबते म्हणून!

"बायना, कोनाशी बोलाचं?"

"नाई."

"आत्या बस म्हनल, तं?"

"बसाचं नाई."

"पानी देईल, तं?"

"प्याचं नाई."

"आन् घरात?"

"जाचं नाई. आंगनातच उभी राहीन."

शाब्बास! पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. एक अक्षर चुकली नाही. तिचं तोंड असं फुललं होतं! "पळ आता, जा!" म्हणून मी तिला वाटेला लावलं आणि स्वतःवर खूश होऊन बाचे पाय चेपत बसलो.

दुपार कलली. बा दाराकडे बघत विचारायचा, "आली का?" मी म्हणायचो, "येऊन राहिली, बा." उन्हं उतरली तशी त्याची जीभ लुळी पडली. नुसते डोळे दाराला लागलेले.

आणि एकदम वाटेवरून रडण्याचा कल्लोळ! सकूबाई मोकळ्या केसांनी छाती पिटत पुढे, मागे बायना, सोयरे, आणि सकूबाईच्या सासऱ्यांच्या काखेत कोरं कापड!

आमच्याकडे मयताची खबर घेऊन आलेला माणूस बसत नाही, पाणी पीत नाही, उंबरा ओलांडत नाही. हे काय मला ठाऊक नव्हतं? सकूबाईने पोरीला विचारलं होतं, "काऊन आली वं? बस ना." ती उभीच. पाणी दिलं, तर मान हलवली. "बा बरा हाये ना?" त्यावर तर तोंडच मिटून घेतलं! सकूबाई तिथेच कोसळली. मग सासरे म्हणाले, आता कायले पळता, सोयरे जमू द्या, कापड आणू द्या. त्यात अख्खी दुपार गेली.

ते सासरे खोलीत आले, कापड उलगडू लागले आणि बाने त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावले! म्हातारा कापड टाकून अंगणात पळाला. मलाही हसू फुटलं, खोटं कशाला बोलू? सकूबाईने बाचं डोकं मांडीवर घेतलं. बाने हात उचलला, तिच्या तोंडावरून फिरवला. बोलायचं होतं त्याला. बोलता आलं नाही. पहाटेच्या आत तो गेला. ते कापड कामी आलं.

पण त्याच्या आधी मी बायनावर उखडलो. "सारं ध्यानात ठेवलं आन् निरोपच इसरली?"

ती म्हणाली, "काका, निरोप सांगतला कोठं तुमी?"

मी तोंड उघडलं. बोलू नको, बसू नको, पाणी पिऊ नको, आत जाऊ नको... आणि पुढे? पुढे काहीच नव्हतं हो! सकूबाई बाचं डोकं मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं मला.

पुढे भावाने बायनावर हात उगारला नाही. गावात कुठे निरोप धाडायचा झाला की लोक तिलाच हाक मारायचे. फक्त मी आसपास नाही ना, एवढं आधी बघून घ्यायचे.