मृणालच्या तासाचा शेरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

मी भौतिकशास्त्रात पीएचडी केली. त्यानंतर तरुण संशोधकापुढे वाट काय असते? मला शाळा तपासण्याची मिळाली. सरकारी तपासणीआधी दुबई-शारजातल्या शाळा आमच्या कंपनीकडून रंगीत तालीम करून घेतात; मी मागच्या बाकावर बसून शेरे लिहितो. पगार उत्तम. शेवटचा प्रयोग कधी केला — आठवत नाही.

शारजातल्या एका शाळेत मृणाल शिकवत होती. नागपूरची, एमएस्सी, पहिलीच नोकरी. पाठ आरशांचा होता. मध्येच एका मुलीने हात वर केला, “मिस, व्हाय डू माय ग्लासेस फॉग अप आउटसाइड?”

झालं! मृणालने आरसे बाजूला ठेवले आणि अख्खा वर्ग एसीतून उकाड्यात काढला. चष्मे, स्टीलच्या बाटल्या, कंपासपेट्या — कशावर वाफ धरते, कशावरची आधी उडते? मुलं भांडत होती, सेकंद मोजत होती. माझ्याही चष्म्यावर वाफ आली. एक बाटली आपणही हातात घ्यावी असं फार वाटलं — घेतली नाही.

मग मला नेमकं काय झालं? अजूनही मी त्या दिवशीच्या स्वतःकडे कुतूहलाने बघतो. राग होता का? छे. माझ्या पोटात दुखलं, दुसरं काही नाही. मी जे सोडून आलो होतो, ते ही पोरगी भर दुपारी हसत हसत करत होती. मी लिहिलं — ‘ठरलेला पाठ सोडला. तास कमकुवत.’ पाठ सोडला हे खरं. तास कमकुवत होता हे खोटं — आणि लिहिताना मला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या शेऱ्यावरून शाळेने तिला पुढे ठेवलं नाही. तिने फोन केला तो मलाच. “सर, इथलं तर खलास झालं. तुमच्या लाइनमध्ये सायन्सवाल्यांना स्कोप आहे का?”

भरपूर आहे, म्हणालो. माझ्याच शिफारशीवर ती आमच्याकडे लागली. मी तिच्यावर उपकार केले असं ती समजते. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येते. मी चकल्या खातो.

परवा आम्ही दोघं एका वर्गात मागे बसलो होतो. शिक्षक तरुण होता. मुलांच्या नादाने पाठ सोडून भरकटला — काय सुंदर भरकटला! मृणालने घड्याळ पाहिलं, शेरा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“वीकच ना, सर?”

मी सही केली.