कानातली शिट्टी आणि आमची स्टाफरूम

किस्से कोणी मुद्दाम जमवायला जात नाही. दुसरबीडच्या आमच्या शाळेची स्टाफरूम एवढीशी, खुर्च्या माणसांपेक्षा कमी, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याच्या मांडीवर येऊन बसतंच. माझ्या कानांचं तसंच झालं. दुखणं माझं एकटीचं होतं, किस्से मात्र सगळ्यांचे झाले.

*

सुरुवात वानखडे सरांच्या मुलाच्या लग्नापासून. सर हिंदी शिकवतात. स्वभाव इतका मऊ की पोराला वर्गाबाहेर काढायचं असलं तरी "जरा बाहेर जाऊन येतं का बापू" म्हणतात. वरातीत डीजेची गाडी होती आणि आम्ही बायका तिच्या अगदी पुढ्यात नाचलो. छातीत धडधड व्हायची, शेजारचीचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं, पण मजा येत होती. घरी आले तेव्हा कानात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. सकाळी ते गेलं आणि मागे एक बारीक शिट्टी राहिली.

शाळेत आले तरी शिट्टी सुरूच. आमची बेल विजेची आहे. मला वाटलं, बटण अडकलं असेल.

"गजूभाऊ, ती बेल बंद करा ना. कधीची वाजून राह्यली."

शिपाई गजूभाऊंनी आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, लाइट तं सकाळपासूनच नाही."

*

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी सगळीकडे. एकाने सांगितलं, कांद्याचा रस. दुसऱ्याने सांगितलं, नाक दाबून फुंक मारा. गजूभाऊ तर लसूण घालून कढवलेलं गोडंतेल वाटीत घेऊन उभे. "कोमट आहे मॅडम. दोन थेंब कानात सोडा, पाहा कसं बंद होते."

मी मान वाकडी केलीच होती, तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका खरात मॅडम दारात आल्या. मॅडम मूळच्या मराठीच्या शिक्षिका.

"गजूभाऊ, तेल डोळ्यात घालतात. आणि तेही फक्त वाक्प्रचारात."

वाटी परत गेली. मॅडम माझ्याकडे वळल्या. "शारदा, पर्स घे. जालन्याला जायचं."

"उद्या जाऊ ना मॅडम. दोन-तीन दिवसांत जाईल आपोआप."

"उद्या नाही. आत्ता."

बाई कधी आवाज चढवत नाहीत. चढवला नाही म्हणूनच मी निमूट उठले.

*

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. माझी पंचाईत. हा आवाज त्यांचा की माझा? अंदाजाने बटणं दाबली आणि बाहेर येऊन तसं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

मग त्यांनी समजावलं. मोठ्या आवाजाने कानाला मार बसला होता, बारीक आवाज ऐकायला थोडा त्रास होता. लवकर आलात ते बरं केलंत म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या.

मी विचारलं, "शिट्टी जाईल ना?"

"जाईलच असं वचन मी देत नाही. बऱ्याच जणांची कमी होते. राहिली, तरी तुमचं लक्ष तिच्यावरून उठेल. एकदम शांततेत बसू नका, काहीतरी हळू आवाज आजूबाजूला असू द्या. आणि डीजेपासून लांब."

बाहेर आले आणि रडायलाच लागले. सगळा जन्म ही शिट्टी ऐकत काढायची? खरात मॅडमनी "रडू नको" म्हटलं नाही की "होईल बरं" म्हटलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसून राहिल्या. माझं रडून झाल्यावर म्हणाल्या, "चल, आता भूक लागली असेल." आणि खरंच लागली होती.

*

दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा माझ्याशी ओरडून बोलायला लागली. गजूभाऊ दोन हातांच्या अंतरावर उभे राहून, "मॅडम! चहा!"

मी म्हटलं, "गजूभाऊ, मले ऐकू येते. सगळ्यांपेक्षा एक आवाज जास्तच ऐकू येते."

त्याचा परिणाम असा झाला की आठवीच्या वर्गात कोणीतरी जाऊन सांगितलं, मॅडमच्या कानाला त्रास आहे, आवाज करू नका. मी वर्गात गेले तर चिडीचूप. वही उघडायची तर पानाचा आवाज होऊ नये म्हणून पोरं दोन बोटांनी उघडतायत. इतकी गुणी पोरं मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि त्या शांततेत माझी शिट्टी अशी काही वाजायला लागली की फळ्यावरचं गणित दिसेना.

शेवटी खडू ठेवला. "पोरंहो, जरा गडबड करा."

कोणी हललं नाही. गणिताच्या बाईंच्या तोंडून असलं वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं. पहिल्या बाकावरच्या पोरीने भीत भीत हात वर केला.

"मॅडम, किती मार्काची?"

*

स्टाफरूमचा पंखा कायम कुरकुरायचा. मी स्वतः त्याच्या तक्रारी केल्या होत्या. नेमका त्याच आठवड्यात तो दुरुस्त झाला. माझा ऑफ तास, खोलीत कोणी नाही, वर पंखा निःशब्द फिरतोय आणि कानात शिट्टी. मी पर्स उचलून व्हरांड्यात जाऊन बसले. गजूभाऊंनी ते पाहिलं. संध्याकाळी पंखेवाल्याला परत घेऊन आले.

पंखेवाला म्हणाला, "काऊन, बिघडला काय?"

"नाही. बिघडवून पाहिजे."

तो बिचारा बराच वेळ वर पाहत राहिला. "भाऊ, बिघडलेला बनवून देतो. बनवलेला बिघडवाची ऑर्डर पहिलीच हाय."

आता पंखा पहिल्यासारखा कुरकुरतो. त्याच्याखालची खुर्ची माझी.

*

या सगळ्यात वानखडे सर मात्र माझ्यापासून लांब लांब राहायला लागले. मी आत आले की ते बाहेर. चहाही व्हरांड्यात घ्यायचे. लग्नाची बुंदी सगळ्या शाळेला वाटली, माझा वाटा मात्र दुसऱ्याच्या हातून आला. मला शिट्टीपेक्षा ते जास्त लागलं.

एक दिवस मीच व्हरांड्यात त्यांच्याशेजारी खुर्ची टाकली. "सर, काय चुकलं माझं?"

त्यांचे डोळे भरून आले. "तुमचं नाही हो. मी बँडच सांगणार होतो. पोरगा म्हणे डीजे पाहिजे. मी 'नाही' म्हणू शकलो नाही. माह्या घरच्या कार्यात तुमचा कान गेला. तोंड कसं दाखवू?"

"गेला नाही सर, आहे. आणि नाचायले मीच आले होते ना. तुम्ही काय ओढत आणलं होतं?"

सरांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. मग हळूच म्हणाले, "नाचता मात्र एकदम बेस."

त्या दिवसापासून आम्ही दोघं कुरकुरत्या पंख्याखाली बसतो.

*

हिवाळ्यात शाळेची सहल लोणारला नेली. पोरं वानखडे सरांबरोबर सरोवराकडे उतरली. खरात मॅडमचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघी वरच बसलो. खाली पाणी, आजूबाजूला झाडी, पोरांचा आवाज हळूहळू विरत गेला आणि सगळं शांत झालं. तोवर माझी शिट्टी बरीच कमी झाली होती. दिवसचे दिवस आठवायची नाही. पण अशा शांततेत ती हजर व्हायचीच, तशी झाली. मी नुसती मान जरा तिरकी केली असेन.

मॅडम समोर पाण्याकडे पाहत होत्या. "कोणत्या कानात जास्त आहे तुझ्या?"

"उजव्या."

"माझ्या डाव्या."

"मॅडम... कधीपासून?"

"तू शाळेत रुजू झालीस ना, त्याच्या आधीपासून."

आणि त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "घे, ठेचा जपून लाव. तिखट आहे."